पाली ते इंद्रलोक: चौदा किलोमीटर, तीन दिवस

पाली ते इंद्रलोक हे अंतर चौदा किलोमीटरच्या आसपास आहे. रिक्षावाल्याने मनावर घेतलं तर पाऊण तास. मला ते कापायला तीन दिवस लागले, आणि त्यातले दोन दिवस मी बहुतेक वेळ गाडीच्या आत नाही, तर खाली किंवा समोर होते.

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात आम्ही एकवीस वर्षं राहतोय. या काळात आमच्या बिल्डिंगमधली माणसं सिंगापूरला जाऊन आली, लेह-लडाख करून आली. पण उत्तन-पालीला गेलेली माणसं बोटावर मोजावी लागतील. तिकडे समुद्र आहे, होड्या आहेत, चर्च आहेत, सुके बोंबील स्वस्त मिळतात, एवढी माहिती सगळ्यांकडे असते. जायचं मात्र राहून जातं. म्हणून हे लिहायला बसले. दुसरं कारण असं, की जुनी गाडी घ्यायचं मनात असलेले तीन-चार ओळखीचे मला हल्ली फोन करून विचारतात, "सुनंदाताई, नवीन माणसाला जमतं का हो?" त्यांनाही हेच वाचायला देईन.

गाडी मला बोंबील घेताना दिसली. पालीच्या एका बोळात, घराला टेकून काढलेल्या पत्र्याच्या पडवीत. फिकट पिस्ता रंगाची, गोल दिव्यांची, साठ वर्षांची. शेजारी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून तिचा बंपर फडक्याने पुसत होते, आणि पुसताना भलतीकडेच बघत होते. जवळ गेल्यावर कळलं, ते बघतच नव्हते. इग्नास काका. वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढला. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांची नस सुकली. आता फक्त उजेड आणि सावली कळते. तेव्हापासून गाडी जागची हललेली नव्हती.

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं खुर्चीवर बसून काढली होती. निवृत्ती घेतल्या घेतल्या, छप्पन्नाव्या वर्षी, ड्रायव्हिंग क्लास लावला. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, "शिक ना, हौस आहे तर." त्याला वाटलं होतं प्रकरण तिथेच संपेल. त्या गाडीच्या दारावर हात ठेवला आणि मला कळलं की संपणार नाही.

पुढचे सहा महिने मी दर रविवारी पालीला जात होते. काका विकायला तयार होते, पण मनापासून नाही. वसईकडचा एक लग्नाला गाड्या भाड्याने देणारा माणूसही मागे लागला होता. त्याला गाडीचं फक्त अंग हवं होतं. "इंजिन निकाल देंगे अंकल, नया डालेंगे," असं तो काकांच्या तोंडावर म्हणाला होता. हे सांगताना काकांच्या कपाळाची शीर उडायची. शेवटी त्यांनी मला अट घातली.

"कागद सगळे तयार ठेव. इन्शुरन्स काढ. सही मी तुझ्या घरी करीन. गाडी इथनं तुझ्या घरी तू न्यायची. टोचन लावून ओढत न्हाय न्यायची. मी बाजूला बसीन, पण हात न्हाय लावणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वसईवाला हायच," काका म्हणाले.

पहिला दिवस: पाली

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी सातच्या बसने पालीला पोचले, तेव्हा बोळातून स्कूटरवर बर्फाची खोकी चालली होती आणि बांबूंच्या वलांडीवर बोंबील तोरणासारखे लटकत होते. मी थेट किल्ली लावायला गेले.

"हात मागं," काका म्हणाले. "आधी झाकण उघड."

हा पहिला धडा. नव्या गाडीत आपण बसतो आणि निघतो. जुन्या गाडीत आधी बॉनेट उघडायचं, रोज. तेलाची पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. रेडिएटरमध्ये पाणी आहे का ते गार असतानाच बघायचं. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबायचा; अर्धा इंच आत गेला तर ठीक, लोंबला तर घट्ट करायचा. मी हे सगळं केलं आणि एअर फिल्टरच्या मागे हात घातला, तर काथ्या, जाळ्याचे तुकडे आणि कोणाचा तरी पायमोजा असं उंदराचं अख्खं घरटं निघालं.

"फेलिस, तुझा मोजा सापडला!" काकांनी आत हाक दिली.

फेलिस काकू बाहेर आल्या, मोजा चिमटीत धरून बघितला, आणि म्हणाल्या, "दुसरा कुठं हाय पण?" दुसरा काही सापडला नाही.

जुनं पेट्रोल आम्ही आधीच्याच आठवड्यात टाकीतून काढून टाकलं होतं. बंद गाडीतलं पेट्रोल शिळं होतं, त्यावर इंजिन सुरू करायचं नसतं. ताजं भरलं; बॅटरीही नवी बसवली होती. चोकची खुंटी बाहेर ओढली आणि किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र. काही नाही. मी घाबरून ॲक्सिलरेटर पाच-सहा वेळा दाबला.

काकांनी नाक वर केलं. "बुडवलीस."

म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं. आता दहा मिनिटं हात लावायचा नाही. काकूंनी चहा आणला. चहा संपल्यावर चोक आत ढकलला, पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबून ठेवला, उचकवला नाही, आणि किल्ली फिरवली. आधी एक खोकला. मग दुसरा. मग पडवीभर निळा धूर झाला आणि तीन वर्षं झोपलेलं इंजिन थरथरत जागं झालं. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. काका बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले, डॉक्टर पाठीवर हात ठेवतात तसे.

आता गाडी बोळातून उलटी बाहेर काढायची होती. आरसा हाताच्या पंजाएवढा. स्टिअरिंग इतकं जड, की वळवायला खांदे लावावे लागतात. काका मागे चालत होते, एक हात भिंतीला, एक हात डिकीला. "उजवीकडं. अजून. बस. सरळ." आयुष्यभर त्याच बोळातून चाललेल्या माणसाला डोळे लागत नव्हते. डोळे होते ते मला, आणि मीच चुकले. स्टिअरिंग सरळ करायला एक क्षण उशीर झाला. बांबूला मागचा कोपरा लागला आणि अख्खी वलांडी बोंबलांसकट छतावर आली.

बोंबील हिराबाईंचे होते. त्या कंबरेवर हात ठेवून आल्या, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गाडी हाय का होडी गो? मासळी भरून चालली ती!"

मी माफी मागत सुटले. त्या म्हणाल्या, "माफी नको, उचलायला लाग." अर्धा तास आम्ही दोघी छतावरून, वायपरमधून, बॉनेटच्या फटीतून बोंबील वेचत होतो. तोपर्यंत बोळात दोन्ही बाजूंना मिळून सात स्कूटर थांबल्या होत्या. आमच्या इंद्रलोकात एवढ्यात हॉर्नने कान फुटले असते. इथे एकानेही हॉर्न वाजवला नाही. दोघे तर उतरून बोंबील वेचायला लागले.

बोळाबाहेर आल्यावर मोकळ्या मैदानात मी पाच-सहा फेऱ्या मारल्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर आतून दात ओढल्यासारखा आवाज येतो. मी तो आवाज तीनदा काढला. तिन्ही वेळा काकांनी डोळे मिटले.

मला वाटलं आता निघू. काका म्हणाले, "आज न्हाय. थंड होऊ दे. पेपर आण."

गाडीखाली जुने पेपर पसरले आणि तासभर थांबलो. हा धडा मी आता सगळ्यांना सांगते. गाडी बराच काळ बंद असेल तर पहिल्या फेरीनंतर तिच्याखाली पेपर घाला, मग ती स्वतःच सांगते काय दुखतंय. इंजिनाखाली दोन काळे थेंब पडले होते. ते चालतात. पण डाव्या मागच्या चाकाखाली एक पातळ, तेलकट डाग होता. काकांनी बोटाला लावून वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ब्रेकचं तेल. असं घेऊन गेली असतीस ना डोंगरीच्या उतारावर..."

दुपारभर मी चाक काढून बसले. ब्रेकच्या आतलं रबर कडक होऊन चिरलं होतं. काकांनी ती वेळ येणार हे धरूनच नवीन रबरं आणून डब्यात ठेवली होती. मी खाली, काका सीटवर. मी नळीचा स्क्रू सैल केला की ते ब्रेकवर पाय दाबायचे, बुडबुडे यायचे, मी स्क्रू घट्ट केला की ते पाय सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हाच खेळ. अटीप्रमाणे त्यांनी हात लावला नव्हता. "पाय लावला, हात न्हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी मी काकूंकडेच राहिले. तांदळाची पांढरी मऊ भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण. उन्हाळ्यात कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला त्यांचा मसाला, त्याला नावच बाटली मसाला. आम्ही मूळचे परभणीकडचे. आमची भाकरी ज्वारीची, कडक, आणि मसाला काळा. काकूंना ज्वारीची भाकरी कशी थापतात ते दाखवायचं मी कबूल केलं. जेवायच्या आधी दोघांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. आमच्याकडे बुद्धवंदना सकाळी होते, जेवताना काही म्हणत नाहीत. मी हात जोडून गप्प बसले. प्रार्थनेच्या शेवटी काकूंनी माझं आणि गाडीचंही नाव घेतलं, तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

दुसरा दिवस: डोंगरी

सकाळच्या बसने मिलिंद आला. हातात जेवणाचा डबा, पाठीवरच्या पिशवीत फर्स्ट एडचा बॉक्स आणि दोरखंड. "दोरखंड कशाला?" मी विचारलं. "असू दे," तो म्हणाला आणि मागे बसला. काका पुढे, हाताच्या मुठी मांडीवर. मी दार ओढून घेतलं. ते दोनदा ओढावं लागतं.

उत्तन नाक्यापर्यंत सगळं छान चाललं. मासळी बाजारातल्या बायका हात करत होत्या. एक जण ओरडली, "इग्नास, बायको बदलली काय?" काका म्हणाले, "ड्रायव्हर बदलली!" पुढे डोंगरीकडचा चढ लागला. ऊन चढलं होतं. मी दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत होते, पुढे एक डंपर मुंगीच्या पावलांनी चालला होता. अर्ध्या चढावर इंजिनाने दोन गचके दिले, आवाज पातळ झाला, आणि ते बंद पडलं.

मागे बस. बसच्या मागे आणखी गाड्या. हँडब्रेक मी दोन्ही हातांनी ओढून धरला. मिलिंद दगड शोधायला उतरला आणि चाकाखाली लावून आला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून सल्ला दिला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी किल्ली फिरवत होते. घुर्र, घुर्र.

"काका, बघा ना काय झालंय!"

काका हलले नाहीत. "बंद पडायच्या आधी काय ऐकलंस?"

"गचके. दोन."

"झटकन बंद पडली का हळूहळू?"

"हळूहळू. आवाज पातळ झाला."

"मग करंट असेल का पेट्रोल?"

मी विचार केला. करंट गेला असता तर दिवा विझावा तशी फटकन बंद पडली असती. हळूहळू गेली म्हणजे खायला मिळालं नाही. पण टाकी तर भरलेली. मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या अंगालाच पेट्रोलचा पंप आहे. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"पंप भाजतोय!"

"मग?"

"पेट्रोलची... वाफ झाली?"

"मला काय विचारतेस," काका म्हणाले. पण त्यांच्या मुठी जराशा सैल झाल्या होत्या.

मिलिंदचा टॉवेल मी पिण्याच्या पाण्याने भिजवला आणि पंपावर गुंडाळला. नवीन लोकांसाठी सांगते: उन्हात चढावर जुनी गाडी अशी बंद पडली तर बॅटरी संपेपर्यंत किल्ली फिरवत बसू नका. ओलं फडकं, दहा मिनिटं, आणि धीर. यातलं धीर सोडून बाकी सगळं माझ्याकडे होतं.

त्याच दहा मिनिटांत टोचनवाला आला. मला कळेना की याला स्वप्न पडलं की काय. मग मिलिंदचा चेहरा बघितला.

"मी फोन केला," मिलिंद म्हणाला. "सुनंदा, बस झालं गं. कोणीतरी येऊन धडकेल. काकांना काय, आपण घरी नेतोय ना गाडी, कशीही नेली तरी."

"मॅडम, हुक लगाऊं क्या?" टोचनवाल्याने विचारलं. त्याच्या हातात साखळी होती.

काका पुढच्या सीटवर समोर तोंड करून बसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला राग मिलिंदचा नव्हता आला. तो बरोबरच बोलत होता, आणि मला सर्वात जास्त भीती त्या बरोबर असण्याचीच होती. साखळी लागली असती तर तासाभरात आम्ही इंद्रलोकात असतो. सावलीत, पंख्याखाली. आणि चार दिवसांनी वसईवाल्याने इंजिन उपसून काढलं असतं. ज्या इंजिनावर काल काकांनी तळवा ठेवला होता, ते.

"भैया, पाच मिनिट रुको," मी म्हणाले. "चालू नहीं हुई तो लगाना."

सीटवर बसले. चोक आत. पाय हलका. किल्ली. घुर्र. घुर्र. घुर्र. आणि इंजिन असं लागलं, जसं काही झालंच नव्हतं. टोचनवाला साखळी गोळा करत हसला. "अम्मा चला लेगी," तो मिलिंदला म्हणाला. मला अम्मा म्हटल्याबद्दल नंतर कधीतरी त्याच्याशी भांडेन.

हँडब्रेक ओढलेलाच ठेवून क्लच हळू सोडत आणला. गाडी पुढे झुकली, तसा ब्रेक सोडला. दगड मागे राहिला. मिलिंद धावत येऊन आत बसला. उतारावर काकांनी एकच वाक्य उच्चारलं: "चढताना जो गिअर, उतरताना तोच." ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून निकामी होतात. इंजिनालाच गाडी धरू द्यायची.

राईच्या सपाट रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंना तिवरं आणि मिठागरं आहेत, तिथे मला वाटायला लागलं की मी आता ड्रायव्हर झाले. म्हणूनच बहुधा बॉनेटखालून वाफ आली. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला होता आणि माझं लक्ष पाणपक्ष्यांकडे. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला बारीक चीर गेली होती आणि पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं. मिलिंद मदतीच्या भावनेने पुढे झाला आणि रेडिएटरच्या झाकणावर रुमाल टाकून ते फिरवायला लागला.

"हात काढ!" काका इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. झाकणाची पहिली टिचकी त्यांना ऐकू आली होती. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. काकांच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत जी गुळगुळीत चकचकीत कातडी आहे, ती तशीच एका बोटीवर आलेली. बाही वर करून त्यांनी ती मिलिंदला दाखवली. मिलिंदने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

त्या बाईंनी कळशीभर पाणी दिलं आणि अंगणात गाडी ठेवायला जागाही. चिरलेल्या पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून चाललं असतं कदाचित, पण दुपार कलत होती आणि पुढे भाईंदरचा बाजार होता. काका म्हणाले, "उद्या. नवीन पाइप घालून." माझ्या मनात आलं, घाई न करणं हाही गाडी चालवण्याचाच भाग दिसतोय. तसं मी बोलून दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी त्यावरही परीक्षा घेतली असती.

रिक्षा करून तिघं आमच्या घरी आलो. काकांनी लिफ्टमध्ये भिंतीला हात लावून विचारलं, "किती मजले?" मी सातवा म्हटलं, तर म्हणाले, "एवढ्या उंचीवर बोटीवरसुद्धा न्हाय झोपलो." मी ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची, आमटी केली. पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, दुसऱ्याला त्यांनी वाटी पुढे केली. फोनवर काकूंना सांगत होते, "भाकर कडक हाय, पण माणसं मऊ हायत." मिलिंदने त्यांच्यासाठी स्वतःचा पलंग रिकामा केला आणि गादीवर नवी चादर घातली. सकाळी टोचनचा विषय कोणीच काढला नाही.

तिसरा दिवस: पूल

नवीन पाइप मिलिंदने आणला. आदल्या दिवशीचा जुना तुकडा खिशात घालून तो सकाळी तीन दुकानं फिरला, कारण अशा गाडीचा भाग नावाने मिळत नाही, मापाने मिळतो. जुना भाग कधी फेकायचा नाही, नवीन हातात येईपर्यंत, हे त्याला कोणी न सांगता कळलं. राईला परत येऊन पाइपही त्यानेच बसवला. त्याचे हात ग्रीसने काळे झाले आणि तो खुशीत शीळ घालत होता.

राई, मुर्धा मागे पडलं. भाईंदर पश्चिमेत शिरलो तसा रस्ता भरला. रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या बसेस. सगळे आमच्याकडे बघत होते, फोन काढत होते. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन म्हणाला, "काकी, बेचोगे क्या?" मी म्हटलं, "अभी तो मेरी भी नहीं हुई."

रेल्वेवरून पूर्वेला जाणारा पूल हा माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता. चढ, आणि चढावर गर्दी. व्हायचं तेच झालं. पुलाच्या अर्ध्यावर सगळं थांबलं. पुढे कोणाचा तरी टेम्पो बंद पडला होता. मी दोनदा आरशात बघितलं, दोन्ही वेळा मागचा ट्रक आधीपेक्षा जवळ होता.

काटा वर सरकायला लागला. या गाडीचा पंखा इंजिनाबरोबर फिरतो. उभ्या गाडीत इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू, आणि वारा नाही. मी न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, ॲक्सिलरेटर किंचित दाबून पंख्याला वेग दिला. काटा थांबला. खाली आला नाही, पण थांबला. पुढे रांग हलली तशी क्लच, ब्रेक सोडणं, चार हात पुढे. पुन्हा थांबणं. पुन्हा तेच. किती वेळा केलं मोजलं नाही. एकदा मागे सरकले असेन, वीतभर. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मी हात बाहेर काढून थांबायची खूण केली, वर्षानुवर्षं करत आल्यासारखी. तो थांबला.

काका काही विचारतील, ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. "काय ऐकलंस", "कसला वास". काहीच नाही. पूर्वेकडचा उतार सुरू झाला, मी चढाचाच गिअर ठेवला, गाडी गुणगुणत खाली उतरायला लागली, तेव्हा मी हळूच डावीकडे बघितलं.

काका झोपले होते. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. तीन दिवस मांडीवर आवळलेल्या मुठी सुटून तळवे वर झाले होते.

मागून मिलिंदने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून जे काही डोळ्यांत आलं ते गालावरून खाली गेलं.

इंद्रलोकात गेटपाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभेच होते. गाडी आत आली तशी त्यांनी आधी खाली वाकून बघितलं. "तेल गळणार का पार्किंगमध्ये?" मी म्हटलं, "थोडं. खाली ट्रे ठेवीन." ते म्हणाले, "ठेवा." मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "संध्याकाळी मिसेसला घेऊन एक राउंड मिळेल का?"

काकांना जागं केलं. ते दचकून म्हणाले, "पूल आला?" मी म्हटलं, "गेला." ते सीटवर सरळ झाले. मग हात पुढे केला, "कागद आण." बॉनेट गरम होतं, त्यावर मिलिंदने वर्तमानपत्र घातलं, मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत, ओळीच्या जरा वर सही केली.

एप्रिल

दोन महिने झाले. गाडी रोज सुरू करते, किमान पंधरा मिनिटं चालवते, कारण उभी राहिली की ती बिघडते. प्लास्टिकची ताडपत्री घालायची नाही, आत दमट होऊन पत्रा गंजतो. मी जुन्या चादरी शिवून कव्हर केलंय. उत्तनच्या बाजूला जाऊन आलं की खालून गोड्या पाण्याने धुवायचं, खारा वारा गंजवतो. डिकीत पाण्याचा कॅन, पंख्याचा पट्टा, दोन प्लग, पॉलिश पेपर, तार, टॉवेल. सायलेन्सर सडला होता तो बदलून घेतला. इंजिनाच्या वरच्या भागातली टिकटिक दोन रविवार खपून मी स्वतःच घालवली. काकांना फोनवर विचारत विचारत. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता विचारू नको. करून टाक."

मग एका रविवारी मी एकटीच निघाले. बाजूच्या सीटवर ज्वारीचं पीठ, काकूंना दाखवायचं कबूल केलं होतं म्हणून. पूल, बाजार, मुर्धा, राई, डोंगरीचा चढ. पंपाला ओलं फडकं आधीच बांधलेलं. बावन्न मिनिटांत पाली. हिराबाईंच्या वलांडीपासून हातभर लांब ठेवून गाडी बोळात घातली, आणि यावेळी उलटी, म्हणजे निघताना सरळ निघता येईल.

काका पडवीत स्टुलावर बसले होते. इंजिनाच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली. कपाळाला आठी घातली, कान दिला. मी इंजिन बंद केलं नाही. त्यांनी आणखी थोडं ऐकलं, पण ओळख पटेना.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं. "कोणाची गाडी ही?"

चाळीस वर्षं त्यांनी हिचा आवाज ऐकला होता, पण टिकटिकीसकट.

"माझी, काका," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर तोंड उघडं ठेवलं. मग उठले, हात पुढे करून बॉनेट शोधलं, त्यावर तळवा ठेवला, आणि इतके मोठ्याने हसले की काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.